पाच व्होल्टवरचा पंखा

सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी वीज गेली आणि कुडव्यातले सगळे कूलर एकदम गप्प झाले.

"बोल," मी म्हणालो.

अल्कानं पाण्याचा घोट घेतला, पदरानं ओठ पुसले आणि माइकसमोर सरकून बसली. "बे एके बे," ती म्हणाली. "बे दुणे चार. बे त्रिक सहा."

खिडक्या बंद, दार बंद, दाराच्या फटीत जुनी चादर कोंबलेली. एप्रिल संपत आला होता. तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, पण तिनं तो पुसला नाही. पुसला तर बांगड्या वाजतात हे तिला कालच कळलं होतं. यूपीएसच्या जुन्या बॅटरीवर माझा कॉम्प्युटर बारा मिनिटं चालायचा. अख्खा जिल्हा भारनियमनाला शिव्या घालत होता तेव्हा मी एकटा घड्याळ लावून वीज जायची वाट पाहत बसायचो. वीज असली की शेजारच्या नंदलालचा कूलर, पलीकडची पिठाची गिरणी, समोरचा टीव्ही, सगळे माइकमध्ये घुसायचे. वीज गेली की ही मंडळी झोपायची. यूपीएस मध्ये मध्ये टीं टीं करून जीव खायचा, त्याची शिट्टी मी पहिल्याच दिवशी कापून टाकली होती.

सातव्या मिनिटाला पाचाचा पाढा संपला. मी कानाला हेडफोन लावून ऐकलं. अल्काचा आवाज होता, खरखरीत पण खणखणीत. आणि त्याच्यामागे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, घूंऽऽ.

"पुन्हा घ्यावं लागते," मी म्हणालो.

"काऊन? चुकलं काय?"

"तुझं नाही चुकलं. कॉम्प्युटरच्या डब्यातल्या पंख्याचा आवाज येऊन राहिला मागून."

"मंग येऊ द्या ना जी. वर्गात काय पंखा नसते?"

"तुझ्या वर्गात कुठे आहे पंखा? पोरं विचारतील, मॅडम, हवा कुठून येऊन राहिली?"

ती हसली. हसताना खोकला आला आणि खोकल्यात उरलेली पाच मिनिटं गेली. स्क्रीन काळी झाली. अंधारात ती म्हणाली, "झालं आजचं."

मी ताराचंद. कुडव्यात घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि टायपिंगचं दुकान आहे. घरात आम्ही दोघंच. मूल झालं नाही, आणि त्याचं दुःख करायला अल्काला सवड नव्हती, कारण दरवर्षी पहिलीत वीस-पंचवीस पोरं तिच्या हाती यायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची एकवीस वर्षं झाली होती. आधी नऊ वर्षं अर्जुनी मोरगावकडे, मग बदली होऊन घरापासून अकरा किलोमीटरवरच्या गावात, दोन शिक्षकी शाळेत. सकाळी स्कूटीवर जायची, संध्याकाळी केसांत खडूची पूड घेऊन परत यायची.

तिच्या आवाजाबद्दल काय सांगू? गोड वगैरे नव्हता. मोठा होता. एकदा चोरखमाऱ्याच्या धरणावर शाळेची सहल गेली होती, मीही सोबत होतो. चार पोरं बांधाच्या पाळीवरून पार पलीकडच्या टोकाला निघून गेली. सेवकराम सर, म्हणजे तिचे मुख्याध्यापक, शिट्टी वाजवून वाजवून थकले. अल्का पाण्याच्या काठाशी उभी राहिली आणि तिनं एकदाच हाक मारली. चौघंही परत आली, आणि सोबत कोणाची तरी दोन गुरंसुद्धा वळली. ही गोष्ट सेवकराम सर पुढं दरवर्षी नव्या पालकांना सांगायचे आणि अल्का दरवर्षी त्यांच्यावर चिडायची.

तो आवाज दिवाळीपासून बसला. आधी सर्दी म्हणालो, मग खडूवर ढकललं, मग ज्येष्ठमध, हळद-दूध, गोळ्या. कोणी तरी तोंडावर विचारलं, बाई तंबाखूचा खर्रा खात होत्या काय. तिनं आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. मेच्या नवव्या तारखेला ऑपरेशन.

"म्हणजे बोलणं बंद?" अल्कानं विचारलं.

"जीव वाचेल," डॉक्टर म्हणाले.

"ते समजलं. बोलणं बंद का?"

"हो."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. तुमसर रोड स्टेशन मागं गेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठ्या पोरायले फळ्यावर लिहून देईन. पहिलीच्या पोराले कशी शिकवू जी? त्याले तर वाचताच येत नाही."

तिला जिवाची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी गाडीत तिनं विचारलं ते एवढंच, आणि मी कॉम्प्युटरवाला माणूस, मला लगेच उत्तर सुचलं. म्हणालो, तुझा आवाज मी भरून देतो. पाढे, कविता, बाराखडी, सगळं. वर्गात सीडी लावायची, तू पोरांसमोर उभी राहायचं, पोरं मागून म्हणतील.

सेवकराम सर दुसऱ्या दिवशी घरी आले. त्यांना कल्पना पटली. "वरच्या साहेबाशी मी बोललो, मॅडम. सव्वीस जूनला शाळा सुरू होते. पहिला महिना जमवून दाखवा म्हणाले. जमलं तर वर्ग तुमचाच. नाही तर मग तालुक्याच्या ऑफिसात, कागद लावायच्या कामावर."

"कागद लावायले मी कायले मास्तरीण झालो?" अल्का म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'झालो'च म्हणतात.

तिनं एका वहीत यादी केली. पाढे दोन ते दहा. बाराखडी. सात कविता. मग 'रोजचं बोलणं' असा मथळा टाकून खाली लिहिलं: बसा. उभे राहा. हातावर हात. शाबास. कोण रडते? आणि शेवटी 'रागावणे, पाच प्रकार'. पाचवा प्रकार काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "हसू येत असताना रागावणं. तेच सगळ्यात जास्त लागते."

हातात अकरा दिवस होते. रोजची बारा मिनिटं. एवढ्यात ते सारं सहज भरलं असतं, मी आडवा आलो नसतो तर.

कॉम्प्युटरच्या डब्यात चार पंखे होते: एक पुढे, हार्डडिस्कवर हवा टाकणारा, एक मागे, गरम हवा बाहेर फेकणारा, एक प्रोसेसरच्या डोक्यावर आणि एक पॉवर सप्लायच्या पोटात. कारखान्यातून ते बारा व्होल्टवर पळायला लावलेले असतात, गरज असो नसो. पिवळी वायर बारा व्होल्ट, लाल वायर पाच, काळी म्हणजे शून्य. पंख्याची एक तार पिवळीला आणि दुसरी काळीऐवजी लालला लावली की पंख्याला मिळतात सात व्होल्ट, आणि तो आवाज अर्ध्यावर आणतो. लाल आणि काळीवर लावला तर पाच. मग तो इतका हळू फिरतो की पाती मोजता येतात. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दुकानात बसून बसून शिकलो होतो आणि त्याचा मला गर्व होता.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि डबा उघडला. पंख्यांच्या बुडात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून स्क्रूखाली घातले, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्याला जाणार नाही. अल्का दारात उभी राहून बघायची.

"माझ्या गळ्यापेक्षा त्या डब्याचीच काळजी तुम्हाले."

"तुझा गळा डॉक्टर पाहतील. डबा माझा आहे."

असं मी म्हणालो. गमतीनं म्हणालो, पण म्हणालो.

चौथ्या दिवशी मी तीन चाचण्या घेतल्या. पंखे बारावर, सातवर आणि पाचवर ठेवून नुसत्या खोलीचा आवाज भरला, प्रत्येकी एक मिनिट. अल्का माइकसमोर नेहमीसारखी बसली होती, कारण माणूस समोर नसला की खोली वेगळी वाजते. तिला सांगितलं होतं, या तीन मिनिटांत बोलायचं नाही. त्या दिवसाची बारा मिनिटं अशीच संपली. वीज आल्यावर त्या तीन फाइली मी सीडीवर घातल्या आणि गोंदियात मुन्नालालकडे घेऊन गेलो. मुन्नालालचं लाउडस्पीकर आणि बिछायतीचं दुकान आहे, माइक त्याचाच होता आणि कानही त्याचा तयार होता.

त्यानं मोठ्या स्पीकरवर पहिली फाइल लावली, दहा सेकंद ऐकली आणि बंद केली.

"ताराचंदभाऊ, पंखे की आवाज सुनाने मेरे पास लाया क्या?"

"कुठला बरा, ते सांग."

"अरे, वर्गात पंचवीस पोट्टे हल्ला करतील, उसमें तेरा पंखा किसको सुनाई देगा? भाभी का आवाज आया ना? बस है." मग तो जरा हळू बोलला. "मेरी मान. जितना हुआ उतने की आज ही सीडी बना. गळ्याचा काय भरोसा?"

उरलेल्या दोन फाइली त्यानं ऐकल्याही नाहीत. सीडी तिथंच त्याच्या गल्ल्याजवळ राहिली. मी उठून आलो. मनात म्हणालो, लग्नात भोंगे लावणाऱ्याला काय कळतं.

घरी येऊन मी पहिल्या दिवसांतले सगळे पाढे पुसून टाकले. हार्डडिस्कवर जागा भरपूर होती, पुसायचं काहीच कारण नव्हतं. पण त्या फाइली समोर दिसल्या की मला त्यांची लाज वाटायची. घाणेरडं काम कोणाच्या नजरेस पडू नये, तसं. अल्काला सांगितलं, आपण सगळं नव्यानं करू, आता एकदम स्वच्छ येईल.

 वही उघडून तिनं 'बे'च्या पाढ्यावरची बरोबरची खूण खोडली.

पुढचे दिवस मला नीट आठवतात, आणि आठवू नयेत असं वाटतं. तिचा आवाज रोज थोडा कमी व्हायचा. सहाव्या दिवशी साताचा पाढा दोनदा तुटला. आठव्या दिवशी तिनं कविता म्हणायच्या आधी मीठ-पाण्याच्या चार गुळण्या केल्या आणि मग साध्या पाण्याचा घोट गिळताना डोळे मिटून घेतले. छताचा पंखा बंद, कूलर बंद, बाहेर ऊन भाजून काढत होतं, आणि मी कानाला हेडफोन लावून तिच्याकडे नाही, डब्याकडे बघत होतो. नवव्या दिवशी मी पुढचा पंखा सरळ काढूनच टाकला आणि मागचा पाच व्होल्टवर ठेवला. त्या दिवशी हेडफोनमध्ये पहिल्यांदा मागं काहीच नव्हतं. फक्त अल्का.

"आला!" मी ओरडलो. "आला साफ!"

तिनं हेडफोन मागितला. स्वतःचा आवाज बराच वेळ ऐकला. "मी अशी बोलतो का जी?" तिनं विचारलं. "एकवीस वर्षं पोरं हेच ऐकून राहिली?" तिचे डोळे भरून आले होते. ती तशी रडणारी बाई नव्हती.

शेवटच्या दोन दिवसांत तिनं जीव ओतून यादी संपवली. वीज दोन वेळा जायला लागली होती, त्यामुळे बाराची चोवीस मिनिटं झाली. 'रागावणे'चा पाचवा प्रकार सगळ्यात शेवटी भरला. तो भरताना आम्हाला दोघांनाही खरंच हसू आलं. नागपूरला निघायच्या आधी सीडी करता आली असती. अर्धा तास लागला असता. पण मध्ये मध्ये खोकला होता, श्वास होता, पानं उलटल्याचा आवाज होता. म्हटलं, येऊन आधी निवडतो, मग सीडी करतो.

दुकानात माझ्या डोक्यावर मीच छापून लावलेला कागद आहे: 'महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवा. नंतर रडू नका.' लोका सांगे ब्रह्मज्ञान.

ऑपरेशनच्या खोलीत नेताना तिचं शेवटचं वाक्य काय होतं, असं कोणी विचारलं तर सांगायला संकोच वाटतो. स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "चप्पल पलंगाखाली सरकवा, कोणी नेईल." मी सरकवली.

तीन आठवड्यांनी आम्ही परत आलो. तिच्या गळ्यावर भोक होतं, त्यावर पांढरी जाळी. तिनं शाळेतली एक दगडी पाटी जवळ ठेवली होती, तिच्यावर लिहून बोलायची. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत, पहिलीच्या पोराला दाखवायचं असावं तसं.

जूनचा पहिला आठवडा. पाऊस नाही, नुसता उकाडा. मी सकाळी कॉम्प्युटर सुरू करायचो तो संध्याकाळी बंद करायचो. एकेक फाइल उघडून खोकला कापायचा, श्वास कापायचा, दोन ओळींमध्ये पोरांना मागून म्हणायला पुरेल एवढी जागा सोडायची. वीज असताना हे काम चालायचं. आता पंखे पुन्हा बारावर लावायला काहीच हरकत नव्हती. भरायचं काही उरलंच नव्हतं, शांतता कोणासाठी हवी होती? पण डबा गप्प होता आणि त्या गप्प डब्यातून तिचा आवाज इतका जवळून यायचा की मला तो तसाच हवा होता. अल्का मधल्या खोलीत पडलेली असायची. भिंतीपलीकडून तिचाच आवाज तिला ऐकू यायचा, तीन त्रिक नऊ, तीन चोक बारा. एकदा आत डोकावलो तर ती ओठ हलवत होती.

शनिवारी सीडी करायची असं ठरलं होतं. शुक्रवारी चार वाजता स्पीकरमधून ती 'शाबास' म्हणाली आणि मध्येच अडकली. मग डब्यातून आवाज आला. टक. टक. टक.

हा आवाज मी ओळखतो. चाळीस-पन्नास गिऱ्हाइकांना मी तोंड पाडून सांगितलं असेल, गेली तुमची डिस्क. पत्रा काढला आणि हार्डडिस्कवर हात ठेवला तर बोट भाजलं. तिच्यावर हवा टाकणारा पंखा महिनाभर टेबलाच्या खणात पडला होता. ट्यूबचे तुकडे लावलेला, तेल सोडलेला, एकदम बिनआवाजी.

 मग अल्का पाटी घेऊन दारात आली. पाटीवर लिहिलं होतं: 'बंद काऊन केलं?'

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पुढचा पंखा, पाच व्होल्ट, डिस्क, सीडी. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, ती पाटी फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं पाटी पदरानं पुसली, स्वयंपाकघरात गेली आणि भाताला तांदूळ धुवायला घेतले.

डिस्क मी नागपूरला घेऊन गेलो. तिथल्या माणसानं उघडून दाखवली. आतल्या चकचकीत तबकडीवर गोल गोल चरे पडले होते. तो म्हणाला, यातून काही निघणार नाही. मी त्याला पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. माझ्या दुकानात लोक दोनदा का विचारतात ते मला तेव्हा कळलं.

सव्वीस जूनला ती शाळेत गेली. मी स्कूटीवर सोडायला गेलो होतो, म्हणून पाहिलं. मोठ्या पोरांना फळ्यावर गणितं लिहून देऊन ती पहिलीच्या पोरांपुढे आली. बावीस नवी पोरं, त्यातली निम्मी रडत होती. तिनं टाळी वाजवली, ओठांवर बोट ठेवलं, हातावर हात ठेवून दाखवला. काही पोरांनी तसं केलं. मग तिनं फळ्यावर 'बे एके बे' लिहिलं, छडीनं त्यावर ठक् केलं, आणि पोरांकडे बघितलं. पोरांनी फळ्याकडे बघितलं. कोणाला काय म्हणायचं ते कळेना. तिनं पुन्हा ठक् केलं. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं शेजारणीला विचारलं, "मॅडम काऊन बोलत नाही वो?"

सेवकराम सर मध्ये पडले, त्यांनी 'बे एके बे' म्हणून दाखवलं. पोरं मागून म्हणाली. अल्का खडू हातात धरून बाजूला उभी राहिली.

सोळा दिवस तिनं असं केलं. सतराव्या दिवशी तिनं स्वतःच अर्ज लिहिला. सेवकराम सरांनी तो दोनदा परत केला, तिसऱ्यांदा तिनं टेबलावर ठेवला आणि हात जोडले. आता ती तालुक्याच्या ऑफिसात खिडकीजवळ बसते आणि कागद तारखेवार लावते. काम चांगलं करते, असं तिथले लोक सांगतात. घरी आल्यावर केसांत खडूची पूड नसते, हे मला अजून खटकतं.

तिनं मला दोष दिला नाही. मला पाटीवर एकदा तरी लिहून हवं होतं, शिवी चालली असती. ती लिहायची, मीठ संपलं. गॅस लावा. सोमवारी सुट्टी.

दिवाळीच्या आधी मुन्नालालनं दुकान साफ करायला काढलं. एका दुपारी तो स्वतः कुडव्याला आला आणि माझ्या हातात एक सीडी ठेवली. वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: पंखा १२, ७, ५.

"गल्ल्याच्या मागं पडली होती," तो म्हणाला. "मैंने पूरी नहीं सुनी थी उस दिन. कल सुनी."  चहाही न घेता गेला.

ऑफिसला सुट्टी होती, अल्का घरीच होती. मी तिला हाक मारली. ती कणकेचे हात घेऊन आली आणि माझ्या खुर्चीमागं उभी राहिली. कॉम्प्युटरमध्ये नवी डिस्क होती आणि चारही पंखे बारा व्होल्टवर घोंघावत होते. ते ऐकू येऊ नयेत म्हणून मी स्पीकर मोठा केला.

पहिल्या फाइलीत नुसता पंखा. दुसऱ्या फाइलीत पंखा, आणि एकदा खुर्ची करकरली. तिसरी पाच व्होल्टची. तिच्यात पंखा जवळजवळ नव्हताच. लांब कुठं तरी कुत्रं भुंकत होतं तेही कळत होतं. अकराव्या सेकंदाला, अगदी कानाशी, अल्काचा आवाज आला.

"अजी, आता बोलू का?"

आणि लगेच माझा आवाज, त्रासलेला, "थांब. अजून आवाज येऊन राहिला."

त्यानंतर ती काही बोलत नाही. घोट गिळल्यासारखं एकदा ऐकू येतं, बस. फाइल साठ सेकंदांची आहे. मी मागं वळून बघितलं नाही, पण ती खुर्चीमागं तशीच उभी होती, फाइल संपेपर्यंत, मी सांगितलं होतं तशी गप्प.